पगडीचं दुसरं टोक

चीनच्या लढाईनंतर आमच्या यवतमाळच्या कॉलेजात परेड सक्तीची झाली. मी होस्टेलात राहत होतो. खोलीतला सोबती शीख होता. त्याच्या वडिलांचं कळंबला ट्रक दुरुस्तीचं दुकान होतं. तो तिथंच वाढला, त्यामुळे वऱ्हाडी माझ्यापेक्षा अस्सल बोलायचा. रोज सकाळी केस विंचरून जुडा बांधला, की पगडीचं एक टोक माझ्या हाती द्यायचा.

"धर बे नीट. जेवला नाही काय?"

पाणी शिंपडलेलं ते लांबच लांब कापड खोलीतून व्हरांड्यापर्यंत ताणून आम्ही घड्या घालायचो. ओल्या मलमलीचा तो वास अजून आठवतो.

वार्षिक तपासणीला लष्करातले एक मोठे अधिकारी येणार होते. तुकडीच्या पुढे आम्हा दोघांपैकीच एक असणार, हे सगळ्यांना माहीत होतं. चाल आणि आवाज, दोन्ही त्याचे चांगले. त्यानं एक पांढरी पगडी खाकी रंगवूनही ठेवली होती. ती वाळवतानाही दुसरं टोक माझ्याच हातात होतं.

तपासणीसाठी आलेले गणवेश वाटायचं काम माझ्याकडे होतं. नियमांच्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं, शिखांना टोपीऐवजी खाकी पगडी, दाढीही चालेल. मी तो कागद घडी करून खिशात घातला.

"पगडी चालत नाही," मी त्याला सांगितलं. "सगळ्यायले टोपीच."

"काहून? माहे मामा तर फौजेत पगडीच बांधते."

"ते फौज आहे. हे कॉलेज आहे."

"मंग राहू दे. टोपीसाठी केस थोडीच कापतो मी."

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला आणि तपासणीच्या तुकडीतून नाव काढून घेतलं.

तपासणीच्या दिवशी जीपमधून अधिकारी उतरले. डोक्यावर पगडी, दाढी नीट बांधलेली. पुढे मी उभा होतो. त्यांनी मलाच विचारलं, "तुम्हारे यहाँ कोई सिख लड़का नहीं?"

"नहीं, साहब."

मैदानापलीकडे निंबाखाली तो उभा होता. त्याला आमचं बोलणं ऐकू गेलं नसेल, पण साहेबांची पगडी दिसलीच.

संध्याकाळी तो ऑफिसात जाऊन पगडीचा नियम विचारून आला. सकाळी जाग आली तेव्हा पगडीचं टोक खिडकीच्या गजाला बांधून तो एकटाच घड्या घालत होता. मी उठून हात पुढे केला.

"झोप तू," तो म्हणाला. "खिडकी धरते आता."

परीक्षेपर्यंत आम्ही त्याच खोलीत राहिलो. बोलायचोही. ते टोक मात्र त्यानं पुन्हा माझ्या हाती दिलं नाही.