पत्त्यासकट प्रार्थना

देवाला पत्ता सांगून प्रार्थना करणारी बाई अख्ख्या संभाजीनगरात एकच आहे आणि ती माझी विहीण आहे. माझ्या लेकीची सासू. तिची प्रार्थना अशी सुरू होते, "हे प्रभू, पाण्याच्या टाकीमागं, तिसरी गल्ली, हिरवं फाटक, त्या घरातून मी बोलतीय." मी एकदा विचारलं, "ईनबाई, ज्यानं सगळं जग केलं त्याला तुमची गल्ली ठाऊक नसंल व्हय?" तर म्हणाली, "त्याला ठाऊक हाय. पर मागणाऱ्यानं नीट मागावं."

'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' एवढ्यावर उरकणारी माणसं तिला आळशी वाटतात. एकदा पैठणहून एसटीनं येताना तिनं खिडकीची जागा मागितली. मिळाली, पण खिडकीला काच नव्हती. दिवस थंडीचे. आठवडाभर खोकत होती आणि खोकत खोकतच गल्लीला सांगत होती, की प्रार्थना ऐकली गेली. "मी काच मागितलीच नव्हती. चूक माझी." तेव्हापासून ती काचेसकट मागते. साखर संपली आणि शेजारीण वाटीभर गूळ घेऊन आली, की हिला उत्तर मिळालं. नवरा होता तेव्हा त्याचं घोरणं थांबावं म्हणून मागितलं आणि हिच्याच कानात दडे बसले, तरी उत्तर मिळालं. देवाला तिनं आजवर एकदाही हरू दिलेलं नाही.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्ष देतात. ज्याची प्रार्थना ऐकली गेली त्यानं उभं राहून सर्वांना सांगायचं. बाकीचे दोन वाक्यं बोलून बसतात. ही पुरावा घेऊन जाते. पुन्हा शिट्टी वाजवू लागलेला कुकर तिनं नेला. बुरशी न धरलेली लोणच्याची बरणी नेली आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत झाकण काढून दाखवली. त्या दिवशी पाळकसाहेबांनी उपदेश लवकर आटोपला, भूक सगळ्यांनाच लागली होती. एकदा नऊ दिवसांनी नळ आला, तर त्यातलं घागरभर पाणी हिनं वेदीपुढं आणून ठेवलं. पाळकसाहेब म्हणाले, "आजी, पाणी तर सगळ्यांच्याच घरी आलंय."

"मग सगळे गप का बसल्यात?" हिनं विचारलं.

मंडळी एक एक करून उभी राहिली. पाळकसाहेबसुद्धा.

मी असल्यातली नाही. प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि कामाला लागायचं, एवढंच मला जमतं. मागत मी काही नव्हते. मग दोन वर्षांमागं न्हाणीत पाय घसरला आणि माझं मांडीचं हाड मोडलं. छावणीतल्या माझ्या खोलीत मी एकटी राहते. लेकीनं उचलून तिच्या घरी नेलं. लेकीच्या सासरी अंथरूण धरून पडायचं, यापरीस माझी न्हाणी बरी होती. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता चाला. वॉकर आणला. पण उभी राहिले की डोळ्यांपुढं ती ओली फरशी यायची आणि मी खाली बसायचे. तीन महिने गेले. छावणीची खोली सोडून द्यावी, असं लेक बोलू लागली. ती खोली गेली की माझं म्हणून काहीच उरणार नव्हतं.

लेक-जावई शेंद्र्याला कंपनीत गेले की आम्ही दोघी म्हाताऱ्याच घरात. विहीण माझ्या खाटेशी गुडघे टेकायची आणि मला ऐकू जाईल असं मागायची, "प्रभू, तिसरी गल्ली, हिरवं फाटक, पुढच्या खोलीतली खाट. ह्या बाईला माझ्या घरातून लवकर घालव. रिक्षानं नाय, कुणाच्या खांद्यावर नाय. तिच्या पायानं घालव."

"एवढी जड झाले का तुम्हाला?"

"जड नाय. पर तोंड लई चालतं तुमचं, आता पायबी चालू द्या."

एका सकाळी ती अशीच डोळे मिटून बसलेली आणि आठ दिवसांनी नळ आला. अंगणातली टाकी भरली, पाणी वरून सांडू लागलं. "ईनबाई, नळ!" मी ओरडले. ती नात्यातल्या एकेकाचं नाव घेत होती, अजून चुलत सासऱ्यांकडं आली नव्हती. "अहो, पाणी गटारीत चाललं!" डोळे उघडेना. आठ दिवस वाट पाहिलेलं पाणी वाया जाताना ऐकायचं म्हणजे काय, हे आमच्या गावच्या माणसालाच कळेल. माझं डोकं फिरलं. तिच्या सासरच्या सगळ्या नावांना नावं ठेवत मी उठले, उंबरा ओलांडला, अंगणात गेले आणि नळ पिळून बंद केला. सांडणं थांबलं तेव्हा ध्यानात आलं, वॉकर खाटेपाशीच होता.

मागून आवाज आला, "आमेन."

"तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

"येत होतं की. पर देवाशी बोलताना मधूनच कसं उठायचं?"

यात खरं किती, ते मी अजून ठरवलेलं नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी ती रिकाम्या हातानं चर्चला आली. पाळकसाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. साक्षीची वेळ झाली तशी ती उठली, शेवटच्या बाकाकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "पुरावा, पुढं या."

मी लाजेनं अर्धी झाले. पण गेले. सगळ्या बाकांमधून, हातात काठीसुद्धा न घेता, वेदीपर्यंत. टाळ्या इतक्या पडल्या की पाळकसाहेबांना बसा म्हणायला दोनदा हात वर करावा लागला. आणि तिथून मी लेकीकडं वळलेच नाही. थेट माझ्या खोलीवर गेले. पायानं.

आता वॉकर विहिणीकडं आहे. आयुष्यभर टेकलेले गुडघे झिजले, त्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले चाला, आणि ही खाट सोडत नाही. भीती वाटते म्हणते. ही बाई! मी रोज चालत जाते, तिच्या खाटेशी बसते आणि मागते. पहिल्या दिवशी जीभ अडखळली. "प्रभू, टाकीमागं, तिसरी गल्ली, हिरवं फाटक. रंग उडालाय, पण तेच."

परवा मी मागत असताना नळ आला. टाकी भरली, पाणी सांडू लागलं. "अहो ईनबाई, नळ बंद करा की!" ती ओरडली. मी डोळे गच्च मिटले आणि तिच्या चुलत सासऱ्यांपासून सुरुवात केली. ती मला काय काय बोलली, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग बऱ्याच वेळानं खाट कुरकुरली.

मी आमेन म्हणायची घाई केली नाही.