उणे गुण सांभाळत केलेल्या सहली

अभ्यासिकेत बोलायला बंदी असते. त्यामुळे तिथले किस्से तिथल्या तिथे सांगून संपत नाहीत, साठत जातात. मग कधी टपरीवर दोघे भेटतात, एकजण "तुले आठवते का बे" म्हणतो आणि घरून फोन येईपर्यंत कोणी उठत नाही.

आमची अभ्यासिका नागपुरात सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत, एका कापडाच्या दुकानावर होती. प्लायवूडच्या खोक्यांत बसून आम्ही सगळे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायचो. त्यातले आम्ही चौघे दर रविवारी दोन गाड्यांवर कुठेतरी फिरायला जायचो. प्रवीण, पंकज, शुभांगी आणि मी.

पंकजचं इतवारीत किराणा दुकान, म्हणजे वडिलांचं. त्याला दुकानात बसायचं नव्हतं म्हणून तो अधिकारी होणार होता. शुभांगी एका खाजगी शाळेत शिकवून उरलेल्या वेळात अभ्यास करायची आणि आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त करायची. मी गणितात ढ. आणि प्रवीण गणितातला राजा.

प्रवीण कळमेश्वरचा. कळमेश्वर काही लांब नाही, पण जाण्यायेण्यात वेळ जातो म्हणून तो नागपुरातच खोली घेऊन राहायचा आणि घरी सणालाच जायचा. वयाच्या अटीमुळे त्याचा हा शेवटचा प्रयत्न होता. नाही झालं तर कळमेश्वरच्या एमआयडीसीत मामाने एका कंपनीत जागा धरून ठेवली होती. आमचं काय, आम्हाला अजून दोन-तीन संधी होत्या. त्याचं व्हावं असं आम्हाला मनापासून वाटायचं.

आमच्या परीक्षेत उत्तर चुकलं की गुण कापतात, कोरं सोडलं तर कापत नाहीत. हा नियम आमच्या इतका अंगात भिनला होता की सहलीतही तोच चालायचा. समोरच्या गाडीच्या नंबरातल्या पहिल्या दोन आकड्यांचा शेवटच्या दोन आकड्यांशी गुणाकार करायचा. ज्याचं उत्तर चुकेल त्याने सगळ्यांच्या पिशव्या उचलायच्या. गप्प राहणाऱ्याला शिक्षा नाही. मी बहुतेक गप्पच असायचो.

प्रवीण मागच्या सीटवरून ओरडून शिकवायचा, "त्रेचाळीस गुणिले सत्तेचाळीस. दोघांतही चार आहे ना? चार पंचे वीस. तीन साती एकवीस. लिही दोन हजार एकवीस. याले कागद कायले पाहिजे?"

*

एकदा पंकजने सिग्नल तोडला. वाहतूक पोलिसाने बाजूला घेतलं. मागून दुसरी गाडी येऊन पंकजच्या गाडीला चिकटून उभी राहिली होती, त्यामुळे नंबर दिसत नव्हता. पोलिसाने विचारलं, "नंबर काय गाडीचा?"

"एकवीसशे चौऱ्याऐंशी," पंकज म्हणाला.

पोलिसाने लिहून घेतलं, मग वाकून पाहिलं. पाटीवर बेचाळीस बावन्न होतं.

"गाडी चोरीची आहे का बे?"

"नाही साहेब, माझीच आहे. तो गुणाकार आहे."

 तेवढ्यात प्रवीणला राहवेना. तो मागून समजावू लागला, "साहेब, सत्तेचाळीसचा वर्ग करायचा अन् त्यातून पंचवीस वजा करायचे. बरोबर येते."

"तुम्ही परीक्षावाले आहा का?"

"हो."

पोलिसाने कागदावरचा नंबर खोडला. म्हणाला, "दंड तं भराच. पण भरती झालात तं आमच्या खात्यात नका येऊ."

*

रामटेकला गड पाहून झाला आणि खिंडसीच्या तलावाकडे निघालो. मधल्या रस्त्याने जाऊ म्हणून पंकजने गाडी शेतात घातली. धानाच्या बांध्या सुरू झाल्या आणि फोनची रेंज गेली. पुढे एका ठिकाणी तीन रस्ते फुटले होते. पाटी नाही, माणूस नाही.

आता साधी माणसं काय करतील? परत फिरतील. आम्ही गाड्या स्टँडला लावल्या आणि पर्याय बाद करायला बसलो.

पंकज म्हणाला, "डावीकडच्यावर शेण पडलं आहे. म्हणजे तो गावात जाते. पर्याय अ गेला."

प्रवीण म्हणाला, "सरळ रस्ता चढून राहिला. तलाव चढावर कसा राहीन? ब गेला."

उरला क. पण तो इतका अरुंद होता की कोणाची हिंमत होईना. पंकज म्हणाला की हा प्रश्नच रद्द व्हायला पाहिजे. प्रवीणने पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं. उन्हात आमचं अर्धी बाटली पाणी संपलं.

शुभांगीने तोंडाचा स्कार्फ सोडला, बांधावरून चालत गेली आणि बकऱ्या घेऊन बसलेल्या एका आजीशी बोलून परत आली.

"काय म्हणते आजी? कोणता रस्ता?" प्रवीणने विचारलं.

"म्हणते, एवढा मोठा तलाव आहे, कोणत्याही रस्त्यानं जा, लागतेच." शुभांगीने गाडीला किक मारली. "पर्याय ड. वरीलपैकी सर्व."

*

प्रवीणच्या आईला आम्ही अदाशाला भेटलो. गणपतीच्या टेकडीखाली रोडग्यांचा बेत होता. आमच्याकडे देवाच्या ठिकाणी सहल म्हटली की रोडगे आलेच. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे आणि वांग्याच्या भाजीसोबत खायचे. आई कळमेश्वरहून पीठ, वांगी आणि गोवऱ्यांचं पोतं घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या.

आम्हाला मात्र उशीर झाला. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं आणि मालगाडी येऊन नेमकी फाटकावरच थांबली. आगगाडी खांबाला ओलांडते, पुलाला ओलांडते, समोरच्या आगगाडीला ओलांडते, अशी सगळी गणितं प्रवीणला तोंडपाठ होती. उभ्या आगगाडीचं एकही नव्हतं. तो आधी चिडला, मग खरोखर विचारात पडला.

"वेग शून्य," तो फाटकवाल्याला म्हणाला. "म्हणजे उत्तर अनंत येते."

"एवढा वेळ नाही लागत," फाटकवाला म्हणाला. "मागच्या वेळी अर्ध्या तासात गेली होती."

तर आम्ही उशिरा पोहोचलो आणि भरपाई म्हणून प्रवीणने लगेच काळ-काम-वेग लावलं. "आई एकटी करीन तं सहा तास. आपण चौघं केलं तं तीन तास. सगळे मिळून केलं तं दोन तासांत जेवण."

आम्ही बाह्या सरसावल्या. पंकजने गोवऱ्या अशा रचल्या की नुसता धूर झाला. मी मळलेल्या कणकेत पाणी जास्त घातलं, म्हणून शुभांगीने पीठ वाढवलं, म्हणून मीठ कमी पडलं. प्रवीण वांगी चिरताना प्रत्येकाच्या सारख्या फोडी होतात का ते बघत होता. आईंनी थोडा वेळ सोसलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पोरांनो, तुम्ही चौघं त्या झाडाखाली जाऊन बसा. लवकर होते."

आणि झालंही लवकर. आम्ही झाडाखाली बसलो आणि ताटं पुढे आली. प्रवीणने रोडगा तुपात बुडवला, थोडा वेळ चावत राहिला आणि मग गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे आपलं काम ऋण आहे."

*

पंकजचं लग्न ठरायच्या वेळी घरच्यांनी मुलगा-मुलगीला फुटाळा तलावावर भेटायला पाठवलं. पंकज एकटा जायला तयार नव्हता, म्हणून आम्ही तिघं पलीकडच्या कट्ट्यावर भुट्टे खात पाठ करून बसलो. कान मात्र तिकडेच होते.

मुलगी शांत होती. तिने दोन-चार इकडचे तिकडचे प्रश्न विचारले. पंकजने बरी उत्तरं दिली. मग तिने मुद्द्यालाच हात घातला. "तुम्ही अधिकारी झाले नाही, तं दुकानात बसाल का?"

 प्रवीण पुटपुटला, "सोड बे, कोरं सोड. गुण कापल्या जाईन."

पंकज म्हणाला, "हा प्रश्न मी रिव्ह्यूला टाकतो."

संगणकावरच्या परीक्षेत न सुटलेला प्रश्न असा नंतरसाठी ठेवता येतो. आम्हाला वाटलं, संपलं. पण मुलगीही धरमपेठेतल्या एका अभ्यासिकेतलीच निघाली. ती म्हणाली, "टाका. पण सबमिटचं बटण माझ्याकडे आहे."

लग्न झालं. पंकज आता दुकानात बसतो आणि गिऱ्हाईक नसलं की बायकोचे सराव पेपर तपासतो.

*

निकाल लागायचा तो दिवस रविवार नव्हता, तरी आम्ही झिलपीच्या तलावावर गेलो. खोलीत बसून पडद्याकडे बघत राहण्यापेक्षा बरं. उन्हाळा लागला होता, तलाव आत सरकला होता. रेंज फक्त एका बाभळीखाली येत होती, तिथे प्रवीण फोन धरून उभा राहिला. आम्ही तिघं काठावर दगड मारत बसलो होतो. कोणी गाडीचे नंबर काढले नाहीत.

थोड्या वेळाने त्याने हाक मारून आम्हाला बाभळीखाली बोलावलं आणि तो शुभांगीला म्हणाला, "तुझा नंबर आहे वं."

शुभांगीने विचारलं, "अन् तुझा?"

"माझा कसा राहीन? उत्तरतालिका आली तेव्हाच मोजून पाहिलं होतं म्या. बसत नव्हतं."

उत्तरतालिका येऊन दोन महिने झाले होते. त्या दोन महिन्यांतल्या एकाही रविवारी हा चुकला नव्हता. पेंचला आला होता, अंबाझरीला आला होता, माझ्या पिशव्या उचलल्या होत्या. मला त्याचा रागच आला.

"मग सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

"तुमचे रविवार खराब झाले असते ना गा."

शुभांगीला रडू आलं. स्वतः पास झालेली आणि ती रडत होती. पंकज तिला पाणी देऊ की प्रवीणला, या विचारात बाटली हातात धरून उभा.  प्रवीणला गणितातलं मी काय सांगणार होतो?

तेवढ्यात प्रवीणचा फोन वाजला. आईचा होता. त्याने फोनकडे पाहिलं, घेतला नाही. पुन्हा वाजला. वारा जोराचा होता, म्हणून त्याने उचलून स्पीकर लावला.

"प्रवीण, लागला का गा निकाल?"

"लागला."

"अन्?"

प्रवीणने आमच्याकडे पाहिलं. "नाही झालं, आई."

 मग आईंनी विचारलं, "आता पुन्हा नाही ना बसता येत त्या परीक्षेले?"

"नाही. वय संपलं."

"मागच्या खेपेलेही तू असंच म्हणला होता. मग सरकारनं वय वाढवून देल्लं होतं."

ते खरं होतं. तेव्हा अख्ख्या अभ्यासिकेत पेढे वाटले होते.

"आता नाही वाढवत, आई."

"नक्की ना? पाहून सांग."

"नक्की. पाहिलं म्या."

आईंनी फोन बाजूला धरून प्रवीणच्या बाबांना हाक मारली असावी. आवाज लांबून आला, पण चांगला मोठा होता. "आइकलं का जी? घरी येऊन राहिला पोरगा. माळ्यावरचा कूलर काढा खाली, अन् त्याच्यात भराले वाळा नवीन आणजा."