विमलताईंनी नाकारलेली सही

विमलताई रंगारी गेल्याचं मला देवरावांच्या फोनवरून कळलं. देवराव नरखेड तालुक्यातले, एसटीचे निवृत्त चालक. ताईंचे ते नातेवाईक नव्हते, अशिलही नव्हते. ताई सरकारी वकील होत्या आणि ज्या खटल्यात देवराव जखमी फिर्यादी होते, तो खटला काही काळ ताईंकडे होता, एवढाच संबंध.

"साहेब, मी बाईले फोन लावला, तर त्यांच्या भावानं उचलला. बाई पहाटे गेल्या म्हणते." मग ते म्हणाले, "मले पुढची तारीख विचाराची होती..."

ताई धंतोलीतल्या एका रुग्णालयात महिनाभर होत्या. आजार बरा होणारा नाही हे त्यांना माहीत होतं. नागपूरच्या सत्र न्यायालयात अतिरिक्त सरकारी वकील म्हणून त्यांनी बरीच वर्षं काम केलं. वडील गिरणी कामगार. घरात कोट घालणाऱ्या त्या पहिल्याच. न्यायालयाच्या बातम्या करताना माझी त्यांच्याशी ओळख झाली आणि पुढे मैत्री. बातमी मात्र त्यांनी कधी दिली नाही. विचारलं की म्हणायच्या, "निकाल लागला की ये गा. तोवर चहा पी."

त्यांची कामाची एक पद्धत होती. साक्षीला खेड्यातून माणूस आला की मधल्या सुट्टीत, न्यायालय रिकामं असताना, त्या त्याला आत नेत आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करत. काय बोलायचं ते कधीच सांगत नसत. फक्त उभं कुठे राहायचं, पाहायचं कुणाकडे, पाणी हवं असेल तर कुणाला मागायचं, एवढंच. सहकारी हसत. ताई म्हणत, निम्मी माणसं खोटं बोलत नाहीत, नुसती घाबरतात.

देवरावांनाही त्यांनी असंच नेलं होतं. एका स्थानिक नेत्याच्या रास्ता रोकोत देवरावांची गाडी अडवली गेली होती. गाडी थांबायच्या आतच दगड समोरच्या काचेतून आला आणि त्यांचा उजवा डोळा गेला. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर न्यायाधीशांची खुर्ची नेमकी उजव्या हाताला यायची. देवरावांना ती दिसेना.

"मान फिरवा भाऊ, पूर्ण," ताई म्हणाल्या. "एवढी वर्षं गाडी चालवली, मान तर रोजच फिरवली असंल."

"आम्ही आरशात पाहतो बाई."

"इथं सरकार आरसा लावून देत नाही. फिरवा मान."

दोघंही हसले. देवराव आधी संकोचाने, मग नीट मान वळवून रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिले. मी दारात उभा होतो.

साक्ष व्हायच्या आत सरकार बदललं आणि तो नेता सत्तेच्या बाजूला आला. राजकीय आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्यासाठी शासनाने समिती नेमली, तिच्या यादीत हा खटलाही आला. मागे घेण्याचा अर्ज न्यायालयात सरकारी वकिलानेच द्यायचा असतो आणि खटला चालवणं जनहिताचं नाही, हे मत त्याचं स्वतःचं असावं लागतं. ताईंसमोर तो अर्ज टाईप होऊन आला. त्यांनी सही केली नाही. वरिष्ठांनी बोलावून घेतलं. तिथलं संभाषण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही हसत.

"मॅडम, सही करायची आहे, विचार नाही."

"कायद्यात उलटं लिहिलं आहे, सर."

आठवडाभरात त्यांचं काम बदललं. देवरावांचा खटला दुसऱ्या वकिलाकडे गेला, त्याने सही केली. त्याच्याविषयी ताई कधी वाईट बोलल्या नाहीत. "त्याची मुदत संपत आली आहे, घरी दोन लेकरं आहेत. त्याले काय म्हणू?" त्यांच्या स्वतःच्या नेमणुकीची मुदतही संपत आली होती. ती पुन्हा वाढली नाही.

अर्जाच्या सुनावणीला ताईंना दुसऱ्या न्यायालयात उभं राहायचं होतं. मी बातमीसाठी गेलो होतो. खटल्याचा पुकारा झाला तसे मागच्या बाकावरून देवराव उठले, वकिलांच्या मधून वाट काढत पुढे गेले आणि पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा सदरा होता. त्यांनी मान पूर्ण उजवीकडे फिरवली आणि न्यायाधीशांकडे पाहिलं. क्षणभर कुणालाच काही कळेना. मग शिपाई जवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाला, "काका, उतरा खाली. आज साक्ष नाही."

"मंग कधी आहे?"

शिपायाने दंड धरून त्यांना खाली उतरवलं. न्यायाधीशांनी फिर्यादीचा विरोध असल्याची नोंद घेतली आणि दोन्ही वकिलांचं ऐकून परवानगी दिली. खटला तिथेच संपला.

संध्याकाळी ताईंना हे सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "मान फिरवली त्यांनी?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "मीच शिकवलं होतं."

देवरावांनी उच्च न्यायालयात दाद मागितली आहे. ते प्रकरण पडून आहे. ताईंचा त्यात आता काही अधिकार नव्हता, तरी दर वेळी तारखेची चौकशी त्याच करत, रुग्णालयातूनही. मी भेटायला गेलो तेव्हा एका हातात सलाईनची सुई होती आणि दुसऱ्या हाताने त्या फोन धरून देवरावांना सांगत होत्या, "नाही भाऊ, याही वेळी पुढंच गेली. तुम्ही येऊ नका, भाडं वाया जाईल." फोन ठेवल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मी गेल्यावर याले कोण सांगंल गा?" मी सांगेन, असं म्हणालो. मी सांगतोही. तारीख सांगण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही, त्यांच्याही हातात नव्हतं.

मागच्या आठवड्यात सत्र न्यायालयात गेलो होतो. सरकारी वकिलांच्या खोलीत ताईंच्या खिडकीजवळच्या टेबलावर एक नवी मुलगी बसते. बाहेरच्या बाकावर देवराव होते. दुसऱ्या कामाने नागपूरला आलो, म्हणाले. बाई इथे नाहीत हे माहीत आहे, तरी पाय वळतात.

मी शेजारी बसलो. काही न विचारता ते बोलू लागले. त्या दिवशी गाडीत बाजाराच्या बाया होत्या, शाळेच्या पोरी होत्या. दगड दिसला तेव्हा गाडी डावीकडे घेतली असती तर डोळा वाचला असता, पण डावीकडे नाला होता... हे सगळं त्यांनी क्रमाने, न घाबरता सांगितलं. न्यायालयात अजून कुणी ते ऐकलेलं नाही.

तेवढ्यात मधली सुट्टी संपली आणि दारादारांतून नावांचे पुकारे सुरू झाले. देवराव बोलायचे थांबले आणि कान देऊन ऐकू लागले.