सुभेदारांपुढच्या मोटारसायकली

तापलेल्या सायलेन्सरचा वास आला की आमच्या शेजारच्या निवृत्त सुभेदारांची अंत्ययात्रा डोळ्यांपुढे येते. नागपूरहून त्यांचं पार्थिव सौंसरमार्गे पांढुर्ण्याला घरी येणार म्हणून सौंसरच्या माजी सैनिकांनी, कोणी न सांगता, आपापल्या मोटारसायकली काढल्या होत्या. दिवे लावून, दोन-दोनच्या रांगेत ते शववाहिनीपुढे सावकाश चालले होते आणि मी त्यांच्यातल्या एकाच्या मागे बसलो होतो. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा होत्या. पांढुर्ण्याच्या तोंडाशी एका पुढाऱ्याच्या स्वागताचा मांडव थेट रस्त्यातच घातलेला. एक कार्यकर्ता आडवा आला. "थोडं थांबा, साहेब येऊन राहिले. तोवर आमचे झेंडे बांधा गाड्यांले, फोटो चांगला येईन." माझ्या अंगाची लाही झाली. तेवढ्यात सुभेदारांची बायको शववाहिनीतून खाली उतरली आणि शांतपणे म्हणाली, "ह्यायच्या अंगावर तिरंगा हाये. दुसरा झेंडा नाही लागत. रस्ता द्या." कार्यकर्ता हलला नाही, तेव्हा माजी सैनिकांनीच मांडवाचे दोर सोडले, कापड घडी करून कडेला ठेवलं आणि आम्ही पुढे निघालो. एव्हाना पोहोचलेली साहेबांची गाडी मागून हॉर्न वाजवत राहिली; एकानंही वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांच्या स्वागताची मोटारसायकल रॅली छापून आली. फोटो आमच्याच मोटारसायकलींचा होता, त्यातून शववाहिनी तेवढी कापली होती. तो राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.