सोबतीचा थंडा

राजरत्न दारू पीत नाही. अंबरनाथला आमच्या वस्तीत लोक त्याची ओळख करून देताना हे आधी सांगायचे. नाव नंतर.

त्याचे वडील किसनकाका दारूने गेले. राजरत्न तेव्हा शाळेत होता. त्या वर्षी त्याच्या आईने, द्रौपदीमावशीने, त्याला विहारात नेलं आणि पंचशीलातलं नशा न करण्याचं पाचवं शील त्याच्या एकट्याच्या तोंडून मोठ्याने म्हणवून घेतलं. सगळे बघत होते. त्याने म्हटलं आणि पाळलं.

मोठा झाला तसा तो दुसऱ्यांनाही पाळायला लावू लागला. आमच्याकडे हळद म्हणजे मांडवात नाच आणि मांडवामागे दारू. राजरत्न बोलावणं असो नसो, प्लास्टिकचा टब घेऊन जायचा. टबात बर्फ, बर्फात थंड्याच्या बाटल्या. पोरं मांडवामागे निघाली की हा वाटेत उभा.

"एक माझ्याकडे घे, मग जा कुठं जायचं तिकडं."

"आला बघ, बाटलीतलं बाळ," पोरं म्हणायची.

"बाळ तर बाळ. चीअर्स."

आणि तो प्रत्येकासोबत स्वतः प्यायचा. त्याचं म्हणणं होतं, माणसाला एकट्याला थंडा प्यायला लाज वाटते. दोघं असले की तीच पार्टी होते. पाच-सहा जण आले की पाच-सहा ग्लास. दिवसा एमआयडीसीत लेथवर काम, तिथेही दुपारी बाटली. घरी चहा दोन चमचे साखरेचा. द्रौपदीमावशी कौतुकाने सांगायची, "माझ्या पोराला गोड लागतं नुसतं. दुसरा नाद नाही."

आम्ही सगळ्यांनीच ते कौतुकाने ऐकलं.

भावनाताई राजरत्नची मोठी बहीण. तिचे यजमान महेंद्र, म्हणून आम्हा सगळ्या पोरांचे भाऊजी. राहायला अंबरनाथलाच, पण उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. चांगला हात. पण दारूने तो हात थरथरायला लागला आणि एक दिवस कापडाच्या थराबरोबर बोटाचा शेंडा गेला. शेठने घरी बसवलं. ताई माहेरी आली.

राजरत्न भाऊजींच्या दारात जाऊन उभा राहिला.

"संध्याकाळी घरी या. बसू."

"तुझ्याकडे काय बसायचं? तुझ्याकडे काय मिळतं?"

"थंडा."

भाऊजी खूप हसले. पण आले. बहुतेक ताईसाठी आले असतील. पहिल्याच दिवशी त्यांनी अट घातली. "राजा, तू माझ्याबरोबर ग्लासाला ग्लास लावून बसशील तोवर मी येणार. एकट्याने गोड पाणी ढोसायला मी काय शाळेतलं पोरगं आहे?"

"जिथवर तुम्ही, तिथवर मी," राजरत्न म्हणाला.

तेव्हापासून ते रोज बसले. संध्याकाळ झाली की भाऊजी सरळ सासरी यायचे. स्टेशनजवळच्या बारच्या रांगेसमोरून मान खाली घालून. भारनियमनात फ्रिज बंद असायचा, म्हणून बाटल्या मोरीतल्या बादलीत बुडवून ठेवलेल्या. फरसाणाची पुडी. गप्पा, शिव्या, क्रिकेट. तल्लफ यायची ती वेळ अशी निघून जायची. हात थरथरायचा थांबला. शेठने परत घेतलं. ताई आपल्या घरी गेली. दोन वर्षं झाली. मीही कधीकधी तिथे बसायचो. मराठी घेऊन बी. ए. झालो होतो, नोकरी नव्हती. भाऊजी मला 'साहित्यिक' म्हणायचे आणि अर्धा ग्लास द्यायचे. "कमावत नाहीस, हाफ घे."

दोन हजार सातच्या एप्रिलमध्ये, भीमजयंतीच्या आदल्या रविवारी, मंडळाने विहारात तपासणी शिबिर ठेवलं. रक्तदाब आणि साखर. बदलापूरहून वैदेही मॅडम आल्या होत्या. तरुण डॉक्टर, स्पष्ट बोलणाऱ्या. पोरं सुईला घाबरून कडेला उभी. म्हणून राजरत्नने बाही सारली, गरज नसताना, आणि बोट पुढे केलं.

"बघा रे. मुंगी चावते तेवढं."

मॅडमनी यंत्राकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "आत्ता काही खाल्लं-प्यायलं?"

"शरबत. तिकडं वाटतायत ना."

"उद्या सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये या. मग रिपोर्ट घेऊन माझ्याकडे."

तो हसत उठला. पोरांना म्हणाला, "शरबताने गंडवलं यंत्राला."

उपाशीपोटीचा रिपोर्टही वर आला. मी सोबत गेलो होतो. राजरत्न अठ्ठावीस वर्षांचा. कबड्डी खेळणारा. पोट सुटलेलं नाही, दम लागत नाही. माझा विश्वास बसेना. मी मॅडमना विचारलं, लॅबचं काही चुकलं असेल का.

"दोनदा चुकत नाही," त्या म्हणाल्या. मग त्याला, "अजून डायबेटीस नाही. काठावर आहात. दिवसभरात काय काय पिता?"

"मॅडम, दारूला मी शिवत नाही."

"दारूचं नाही विचारलं. चहा, थंडा, शरबत, रस, सगळं सांगा."

तो सांगत गेला. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला. मॅडम कागदावर लिहून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "छोट्या बाटलीत सात-आठ चमचे साखर असते. तेवढी साखर कोणी ताटात वाढली तर खाल का? पिताना कळत नाही. पोटही भरत नाही, जेवण तेवढंच जातं. आणि रोज, वर्षानुवर्षं. बारीक माणसालाही हा धोका असतो."

"मग रस घेऊ? उसाचा, मोसंबीचा?"

"तो पण गोडच. पाणी प्या. ताक प्या. चहा हवा तर बिनसाखरेचा. आत्ता सोडलंत तर मागे फिरता येईल. खूप जण फिरतात."

बाहेर आल्यावर त्याला एका जागी उभं राहवेना. रिक्षा नको म्हणाला. चालायला लागला. मला त्याच्याबरोबर पळावं लागत होतं.

"सोड की मग," मी म्हणालो. "थंडाच तर आहे."

"आणि भाऊजी?"

"त्यांना सांग सरळ."

"सांगितलं की म्हणतील, राहू दे राजा, तुझ्या तब्येतीपुढे काय. मोठ्या मनाचा माणूस आहे. उठतील आणि जातील. कुठे जातील सांग ना तू. संध्याकाळी सात वाजता तो माणूस कुठे जाईल?"

मी मागे पळत राहिलो.

"आणि वस्ती?" तो थांबला. "मांडवामागची पोरं काय म्हणतील? बाप दारूने गेला, पोरगा थंड्याने चालला. मग दारू काय वाईट. एका दिवसात सगळे परत मांडवामागे."

आठवडाभर त्याची झोप उडाली होती. बसला तर पाय हलवायचा. उभा राहिला तर चुटकी वाजवायचा. संध्याकाळी भाऊजींसमोर ग्लास उचलायचा, ओठाला लावायचा, आणि आपण काय गिळतोय ते आता त्याला कळत असायचं.

मग त्याने एक युक्ती काढली. सकाळी कोरा चहा करायचा, बिनसाखरेचा. गार झाला की जुन्या बाटलीत भरायचा. बाटली पाण्याच्या पिंपामागे. भाऊजी आले की त्यांचा ग्लास त्यांच्यासमोर मोठ्या बाटलीतून भरायचा आणि आपला आत जाऊन. रंग तोच. त्याने मला दाखवलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं. मीही हसलो. आम्हा दोघांना ती फार हुशारीची गोष्ट वाटली.

ती जेमतेम महिनाभर चालली.

मे महिन्यातली संध्याकाळ. लाइट गेलेली. द्रौपदीमावशी बाहेर ओट्यावर वारा घेत होती. भाऊजी तोंड धुवायला मोरीकडे गेले आणि वाटेतच थांबले. राजरत्न पिंपामागून बाटली काढून ग्लास भरत होता.

"हे काय आहे?"

"थंडा."

"थंड्याला फेस येतो." भाऊजींनी ग्लास मेणबत्तीच्या उजेडाकडे धरला. ह्या गोष्टीत त्यांची नजर चुकणारी नव्हती. "लपवून ठेवतोस. फेस नाही. रम आहे?"

"भाऊजी, ऐका जरा..."

"किती दिवस?"

"ऐका तर."

"मला साखरेचं पाणी पाजतोस आणि तू आत येऊन लावतोस? माझ्यासमोर बसून? दोन वर्षं मी तुला..." ग्लास त्यांनी मोरीत आपटला. "तू पितोस तर मी कोणासाठी सोडलीय रे?"

आणि गेले. मावशी ओट्यावरून "अहो जावईबापू" म्हणेपर्यंत गल्लीच्या टोकाला.

राजरत्न बाटली हातात घेऊनच धावला. अनवाणी. मी मागे. काळोखी गल्ली, उकाड्याने सगळी वस्ती दारात बसलेली, आणि सगळ्यांनी पाहिलं की राजरत्न तपकिरी रंगाची बाटली घेऊन पळतोय.

"अरे राजा, तू पण?" कोणीतरी ओरडलं.

"थांब, ग्लास आणतो!" दुसरा.

हशा झाला. तो थांबला नाही.

भाऊजी बारच्या पायरीवर पोचले होते. आत जनरेटरचा दिवा. राजरत्नने त्यांचा दंड धरला आणि बाटली पुढे केली.

"प्या. इथंच प्या."

"सोड."

"एक घोट. मग आत जा. मी नाही अडवणार."

भाऊजींनी बाटली हिसकावली. मोठा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. अर्धा बाहेर थुंकले.

"हा काय चहा आहे? किती कडू!"

"कोरा. बिनसाखरेचा."

"कशाला?"

राजरत्नने सांगितलं. शिबिर, रिपोर्ट, काठ, सात-आठ चमचे. घाईघाईने, धापा टाकत. लोक आत-बाहेर करत होते, आम्हाला खांदे लागत होते. भाऊजी ऐकत होते. राग उतरताना दिसत होता. तुला माझ्यासाठी एवढं करायची काय गरज होती, असं काहीतरी ते आता म्हणतील असं मला वाटलं.

ते म्हणाले, "आणि मला?"

"काय?"

"स्वतःचा ग्लास बदललास. माझा रोज भरून देत होतास. गोड. काठोकाठ. मला माहीत नव्हतं, तुला माहीत होतं."

राजरत्नचा हात त्यांच्या दंडावरून सुटला. खरंच त्याच्या डोक्यात हे आलं नव्हतं. माझ्याही नव्हतं. भाऊजींना दारूपासून लांब ठेवण्याच्या नादात त्यांनाही रक्त आहे हे आम्ही दोघं विसरलो होतो.

भाऊजी बारमध्ये गेले नाहीत. बाटली राजरत्नच्या हातात दिली आणि आपल्या घराकडे निघून गेले. राजरत्न लांबून त्यांच्या मागे गेला, दार बंद होईपर्यंत.

सकाळी भाऊजी दारात. "चल. माझंही रक्त काढ. चहासुद्धा घेतला नाही, टाळकं दुखतंय."

त्यांची साखर काठावर नव्हती. काठ ओलांडून बरीच पुढे गेलेली.

वैदेही मॅडमकडे राजरत्न खुर्चीत बसलाच नाही. भिंतीला टेकून उभा राहिला. "माझ्यामुळे झालं का?" त्याने विचारलं.

"एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "घराण्यात असेल. आधीची दारू आहे, वजन आहे. पण रोजच्या ह्या बाटल्यांनी धोका वाढवलाच. तेही खरं."

"मॅडम," भाऊजी म्हणाले, "परत दारू सुरू केली तर साखर उतरेल का?"

मॅडमनी लिहिता लिहिता वर पाहिलं.

"मस्करी केली," भाऊजी म्हणाले. पण हसले नाहीत. गोळ्यांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि कामावर गेले. राजरत्नशी एक शब्द बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी राजरत्न कंपनीतून लवकर आला. मोठी बाटली त्याने मोरीत ओतून टाकली. मग गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. परत आला. परत गेला.

"बस रे," मावशी म्हणाली. "चपला झिजल्या."

"वेळ होऊन गेली आई."

"सुटले नसतील."

"सुटलेत. मी फोन केला होता."

तो पुन्हा कोपऱ्यावर गेला. मी त्याच्याजवळ उभा राहिलो. तो स्टेशनच्या बाजूने येणारा प्रत्येक माणूस बघत होता. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. ज्याला धरून ठेवायला त्याने दोन वर्षं ग्लास उचलला, तो माणूस आज गोळ्यांची चिठ्ठी खिशात घेऊन त्याच बारच्या रांगेसमोरून येणार होता. किंवा नव्हता.

भाऊजी आले ते दुसऱ्याच बाजूने. आपल्या घराकडून. हातात झाकण लावलेला स्टीलचा तांब्या.

"आजपासून माल मी आणणार," ते म्हणाले. "तुझा भरवसा नाही."

तांब्यात ताक होतं. ताईने केलेलं, पातळ, जिरं घातलेलं. घरात येऊन त्यांनी दोन ग्लास मांडले. दोन्ही त्याच तांब्यातून भरले, राजरत्न बघत असताना, मुद्दाम सावकाश.

"आधी तू."

राजरत्न प्यायला. मग भाऊजी प्यायले.

"कसं आहे?"

"आंबट."

"असू दे." भाऊजींनी मिशी पुसली. त्यांचा उजवा गुडघा सारखा हलत होता. "आज फार आठवतेय रे. दुपारपासून. सकाळचं ते ऐकून तर जास्तच."

"मग?"

"मग काय. बस. उठू नकोस सारखा."

राजरत्न बसला. दोघांच्या गुडघ्यांत वीतभर अंतर, आणि आता दोघांचेही हलत होते. मावशीने फरसाणाची पुडी पुढे केली, भाऊजींनी ती बाजूला सारली आणि शेंगदाणे मागितले. तांब्या अजून अर्धाही झाला नव्हता.