काचेच्या छताखालचा मांडव

"एवढं भोक कशाला ठिवलंय?" शिडीवरून मांडववाल्यानं विचारलं.

"मॅडमनी उजेडासाठी ठिवलंय म्हणं," शिडी धरणारा म्हणाला.

"मग झाकू या. उद्घाटनाला बरं न्हाय दिसत."

मॅडम म्हणजे मी. भोक म्हणजे इंदापूरच्या नव्या शॉपिंग सेंटरच्या मधोमध, काचेच्या छतापासून तळमजल्यापर्यंत सोडलेली मोकळी जागा. बारामतीच्या ऑफिसात बसून दोन वर्षं मी तीच आखत होते. वरून ऊन खाली यावं, माणसांनी तिच्याभोवती सैल फिरावं, आत शिरताच तिन्ही मजले दिसावेत. हे सगळं मी कागदावर मांडलं होतं. तोंडानं कधीच नाही. मीटिंगमध्ये आमचे सर बोलायचे आणि मी ड्रॉइंगचे कोपरे दाबून धरायचे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी मालकांसमोर "हो" आणि "हो ना" यांच्या पुढे जात नसे.

मालकांना सगळे तात्या म्हणत. ती जागा त्यांना कधीच पटली नव्हती. "मधीच आड खणल्यागत दिसतंय. स्लॅब टाकला तर आठ गाळे बसत्याल." शेवटी सरांनी तह केला: उद्घाटनाला पाहुण्यांना जागा आवडली तर राहील, नाहीतर दुसऱ्या दिवशी स्लॅबचं काम सुरू. तात्या तयारीचे. सळई आधीच मागच्या बाजूला येऊन पडली होती.

पण मांडवाशिवाय शुभकार्य कसं होणार? डोक्यावर छत असलं म्हणून काय झालं! सकाळी नऊपर्यंत काचेखाली गुलाबी-पिवळं कापड ताणून बसलं, त्याला झालरही लागली. आत संध्याकाळ झाली. मग चार हॅलोजन आले. पत्रिकेत 'नैसर्गिक प्रकाशाने नटलेले' असं छापलं होतं. ती पत्रिका वाचायला एका आजोबांनी मोबाइलची बॅटरी लावली.

फेटे बांधून झाले, नारळ फुटला. बावड्याचे पाहुणे मधोमध उभे राहून वर बघत म्हणाले, "तात्या, समदं झ्याक हाय, पर आत लई अंधार हाय की ओ."

तात्या सरांकडे वळले. "ऐकलं का? आन् तुमी उजेडाच्या गोष्टी सांगत हुता. उद्यापास्नं स्लॅब घ्या!"

मी सरांकडे पाहिलं. सरांनी मोबाइलकडे पाहिलं.

हातातली ड्रॉइंगची गुंडाळी घामानं मऊ झाली होती. मी दोन पावलं पुढे गेले. फोटोग्राफरला वाटलं मला फोटोत यायचंय, म्हणून त्यानं मला तात्यांशेजारी सरकवलं. एवढ्या जवळून गप्प बसणंही अवघडच होतं.

"तात्या," मी म्हणाले, "उजेड वरच आहे. आधी मांडव सोडायला सांगा, मग स्लॅबचं बोलू."