एकाच पत्त्याची दोन घरं

नव्या रायपूरच्या आमच्या ऑफिसात नेटवर्क माझ्याकडे होतं. घरून काम करायचा हुकूम निघाला, तेव्हा चौदा जणांच्या घरचे राउटर मीच ऑफिसच्या राउटरला जोडले. पहिलं घर साहेबांचं. त्यांच्या लाईनीला अग्रक्रमही देऊन ठेवला, कारण त्यांनी तसं सांगितलं होतं आणि मला त्यांच्याशी वाद नको होता.

नोंदणी विभागात एक बाई होत्या. माहेरच्या गोंदियाच्या, राहायला बीरगांवला. रोज अकराच्या सुमारास त्यांचं काम बंद पडायचं. त्या फोन करायच्या, मी ऑफिसातून बघायचो, तर त्यांची लाईन जोडलेली दिसायची. "ताई, तुमच्या केबलवाल्याचाच प्रॉब्लेम आहे," असं मी कितीदा सांगितलं असेल. तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी त्यांना कामचुकारपणाची नोटीस काढली. सोबत माझा अहवाल होता: ऑफिसच्या बाजूने दोष नाही. खाली माझी सही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "भैया, एकदा घरी येऊन तं पाहा. खुर्चीवर बसून सही करणं सोपं आहे."

मी चिडूनच निघालो. भनपुरीच्या ट्रकांमधून गाडी काढताना त्यांना काय काय सुनवायचं ते जुळवत होतो. त्यांनी दार उघडलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. नवरा हाताची घडी घालून भिंतीशी उभा.

अकरा वाजून गेले आणि माझ्यासमोर स्क्रीन थिजली. मी त्यांच्या राउटरमध्ये शिरून घरच्या नेटवर्कचा पत्ता पाहिला. माझे कान तापले. साहेबांच्या घरच्या नेटवर्कचाही हाच पत्ता होता. राउटर बनवणारी कंपनी सगळ्या नव्या राउटरमध्ये एकच पत्ता घालून देते; बाकीच्या घरी मी तो बदलला होता, या दोन्हीकडे न बदलता सोडला होता. साहेब अकराला काम सुरू करत. तेव्हापासून, त्यांच्या लाईनीला मीच दिलेल्या अग्रक्रमामुळे, या बाईंसाठी ऑफिसच्या राउटरमधून निघालेलं प्रत्येक उत्तर साहेबांच्या घराकडे वळायचं.

पत्ता बदलायला दहा मिनिटं लागली. काम सुरू झालं. मी कारण सांगितलं.

"म्हणजे चूक तुमची," बाई म्हणाल्या.

"हो."

"मंग तीन हफ्ते मले काहून झुलवून राहिले होते?"

मी म्हणालो, साहेबांना सांगतो.

"सांगू नका. लिहून द्या," नवरा म्हणाला.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. "काम सुरू झालं ना? विषय संपला," ते म्हणाले. नोटीस मागे घेतली तर वर उत्तर द्यावं लागेल, म्हणून त्यांना ती फायलीतच राहू द्यायची होती. मी परत म्हणालो, सर, त्यांची काही चूक नव्हती. तर म्हणाले, "आपको वकील किसने बनाया?"

हे शब्द मला झोंबले. खरं सांगायचं तर बाईंच्या कळवळ्यापेक्षा त्या रागातच मी नवा अहवाल लिहिला आणि सगळ्या विभागांना पाठवला. आठ दिवसांत नोटीस मागे घेतली गेली. माझ्याकडून नेटवर्क काढून मला जुन्या मशिनींच्या खोलीत बसवलं.

ऑफिस परत भरायला लागलं तेव्हा बाई जिन्यात समोर आल्या. मी नमस्कार केला. त्या बाजूने निघून गेल्या. संध्याकाळी जेवताना बायकोजवळ मी चडफडलो, त्यांच्यासाठी इतकं केलं आणि ही वागणूक!

ती पोळ्या लाटत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांच्यासाठी काय केलं तुम्ही? आपलीच घाण तं साफ केली."

मी ताट सरकवून उठलो.